मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत पिशवी फाटते तेव्हा

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना सांगितले जाते की, "आतली पिशवी थोडी फाटली, त्यामुळे भिंग जरा वेगळ्या जागी बसवले आहे." काहींना "भिंग आज बसवलेले नाही, नंतर बसवू" असेही ऐकावे लागते. ऐकणाऱ्याच्या मनात त्यातले 'फाटली' एवढेच राहते, आणि डोळा गेला असा अर्थ तो स्वतःच लावतो. बहुतेक वेळा तो अर्थ चुकीचा असतो. पिशवीला पडलेल्या छिद्राने नजर सहसा जात नाही. नुकसान होते ते छिद्र पडल्यानंतरच्या काही मिनिटांत डोळ्यातल्या जेलीला बसणाऱ्या ओढीमुळे, आणि त्या ओढीचे परिणाम पुढच्या काही आठवड्यांत वेळेवर लक्षात आले नाहीत तर. हे समजण्यासाठी डोळ्याच्या आतली रचना थोडी पाहावी लागते.

डोळ्यातले नैसर्गिक भिंग साधारण 9 ते 10 मिलिमीटर व्यासाचे असते आणि ते एका पारदर्शक, अतिशय पातळ पिशवीत असते. पिशवीची पुढची बाजू सुमारे 14 मायक्रॉन जाड असते, तर मागची बाजू मध्यभागी जेमतेम 4 मायक्रॉन भरते. माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले तर सर्जन कशाच्या जवळ काम करत असतो याची कल्पना येते. ही पिशवी सगळ्या बाजूंनी अतिसूक्ष्म तंतूंवर टांगलेली असते. तिच्या मागे, डोळ्याचा जवळजवळ सगळा पोकळ भाग भरून, काचद्रव नावाची जेली असते. ही जेली बहुतांशी पाणीच असली तरी त्या पाण्यात कोलॅजेनच्या बारीक धाग्यांचे जाळे असते, आणि ते जाळे डोळ्याच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, पुढच्या कडेला घट्ट चिकटलेले असते. साहजिकच जेली पुढून ओढली की तो ताण थेट पडद्याच्या कडेवर येतो.

आजच्या फेको पद्धतीत कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या, कडेला दोन ते तीन मिलिमीटरचा छेद घेतात, पिशवीच्या पुढच्या बाजूला सुमारे 5 मिलिमीटरची गोल खिडकी करतात, पाण्याच्या बारीक झोताने भिंगाचा गाभा पिशवीपासून सुटा करतात, श्राव्यातीत (अल्ट्रासाउंड) कंपनांनी तो फोडून ओढून घेतात, उरलेला मऊ गर साफ करतात आणि त्याच रिकाम्या पिशवीत घडी घातलेले कृत्रिम भिंग उलगडतात. चार्ल्स केलमन यांनी ही कंपनांची पद्धत 1967 मध्ये मांडली. त्याआधी, 1949 मध्ये, हॅरोल्ड रिडली यांनी लंडनमध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले होते. ती सुरुवातीची भिंगे जड होती, त्यातली काही जागेवरून सरकत, काही तर मागे जेलीत जात. पुढे कितीतरी वर्षे अनेक ठिकाणी मोतीबिंदू पिशवीसकट बाहेर काढून रुग्णाला जाड चष्मा देण्याचीच रीत होती. पिशवी शाबूत ठेवण्याचा आग्रह त्यानंतरच्या अनुभवातून आला. पिशवी कृत्रिम भिंगाला आधार देते आणि मागच्या जेलीला मागेच थोपवून धरते, ही तिची दोन कामे. फाटली की ही दोन्ही कामे अडतात.

छिद्र आणि ओढ यांतला फरक

शस्त्रक्रिया सुरळीत झालेल्या रुग्णांपैकी अनेकांची नजर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर होते. लोक त्याला "मोतीबिंदू परत आला" म्हणतात. प्रत्यक्षात मागची पिशवी पेशींच्या वाढीमुळे दुधाळ झालेली असते. उपाय म्हणून डॉक्टर याग लेसरने त्या पिशवीच्या मध्यभागी मुद्दाम छिद्र पाडतात, आणि नजर स्वच्छ होते. पिशवी तीच, आणि तिला छिद्रही पडते, तरी डोळ्याचे सहसा काही बिघडत नाही. याचे कारण असे की तेव्हा कृत्रिम भिंग आधीच पिशवीत पक्के बसलेले असते, डोळ्यावरचा छेद मिटलेला असतो आणि जेलीला बाहेर पडायला वाट नसते. शस्त्रक्रिया चालू असताना परिस्थिती उलट असते. छेद उघडा असतो, आत द्रव वाहत असतो, शोषणाचे यंत्र चालू असते, आणि छिद्रातून पुढे आलेली जेली त्या यंत्राच्या तोंडात अडकू शकते. पिशवी फाटणे आणि डोळ्याला इजा होणे या दोन घटनांच्या मध्ये सर्जनला थोडा वेळ मिळतो, तो असा.

मोठ्या प्रमाणावर ठेवलेल्या नोंदींमध्ये मागची पिशवी फाटण्याचे प्रमाण साधारण 100 शस्त्रक्रियांमागे एक ते दोन असे आढळते. शिकाऊ सर्जनच्या हाती ते जास्त असते आणि काही डोळ्यांमध्ये मुळातच जास्त असते: अतिशय कडक तपकिरी मोतीबिंदू, पूर्ण पांढरा पिकलेला मोतीबिंदू, नीट न उघडणारी बाहुली, सैल झालेले तंतू, आणि जन्मतःच मागच्या पिशवीला चिकटून असणारा मोतीबिंदू. या शेवटच्या प्रकारात पिशवीचा मधला भाग आधीपासूनच कमकुवत असतो. म्हणून अशा डोळ्यात सर्जन पाण्याच्या झोताने गाभा पिशवीपासून सुटा करत नाही, कारण तो झोतच पिशवी फोडू शकतो. पाणी गाभ्याच्या आतल्या थरांमध्येच सोडले जाते आणि बाहेरचा थर शेवटपर्यंत उशीसारखा राखला जातो.

इतर डोळ्यांमध्ये फाटण्याची वेळ बहुधा शेवटाकडे येते. गाभ्याचा शेवटचा तुकडा ओढला जातो त्या क्षणी यंत्राच्या तोंडावरचा अडथळा एकदम नाहीसा होतो, डोळ्यातला द्रव झटक्यात शोषला जातो, आणि मागची पिशवी उसळून यंत्राच्या सुईच्या टोकाला लागते. किंवा गर साफ करताना गराबरोबर पिशवीही तोंडात पकडली जाते.

पहिली दोन मिनिटे

पिशवी फाटल्याचे छिद्र प्रत्येक वेळी डोळ्यांना दिसत नाही. खुणा मात्र दिसतात. भिंगापुढची जागा अचानक खोल होते. बाहुली क्षणभर मोठी होते. आतापर्यंत यंत्राच्या टोकाकडे आपणहून येणारे तुकडे येईनासे होतात किंवा एका बाजूला कलतात. अनुभवी सर्जन या खुणांवर थांबतो. जो "बघू, अजून थोडे" म्हणतो तो छिद्र वाढवतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात रुग्णाच्या नजरेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा क्षण हाच असतो, आणि त्यात हातचलाखीपेक्षा मान्य करण्याची तयारी जास्त लागते.

थांबल्यावर सुई चटकन बाहेर काढण्याचा मोह होतो. तेच करायचे नसते. सुई बाहेर आली की डोळ्यातला दाब कोसळतो, पुढची जागा मिटते आणि मागची जेली छिद्रातून पुढे लोटली जाते. म्हणून द्रवाचा प्रवाह चालू ठेवून, दुसऱ्या हाताने बाजूच्या लहान छेदातून जेलसारखे दाट औषध आत भरले जाते. त्याने जागा भरली आणि छिद्रावर एक प्रकारचे बूच बसले की मगच सुई काढली जाते. जेली अजून पुढे आली नसेल तर एवढ्यावरही पुष्कळ निभावते. छिद्र लहान आणि मध्यभागी असेल, तर त्याची कड गोल आणि मजबूत करून भिंग मूळ जागीच, पिशवीतच, बसवता येते, आणि अशा रुग्णाच्या अंतिम नजरेत फरक शोधूनही सापडत नाही.

जेली पुढे आलेली असेल तर तिला काढावे लागते, आणि येथे नियम कडक आहे: जेली ओढायची नसते, कापायची असते. पूर्वी ती छेदापाशी स्पंजने टिपून कात्रीने कापत. तो स्पंज उचलताना बसणारी लहानशी ओढही पडद्याच्या कडेपर्यंत पोहोचते. आता त्यासाठी अतिशय वेगाने कापणारे बारीक यंत्र वापरतात. पाणी एका छेदातून आणि कापणारे टोक दुसऱ्या छेदातून घालतात, म्हणजे पाण्याच्या जोराने आणखी जेली पुढे ढकलली जात नाही. जेली पारदर्शक असल्याने ती कुठवर आली आहे हे कळत नाही, म्हणून ट्रायअ‍ॅम्सिनोलोन या पांढऱ्या कणांच्या स्टिरॉइडचे थेंब सोडतात. कण धाग्यांना चिकटतात आणि जेली पांढरी दिसू लागते. शेवटी बाहुली लहान करणारे औषध देऊन ती गोल होते का ते पाहतात. एका बाजूला टोकदार झालेली बाहुली म्हणजे जेलीचा एखादा धागा अजून छेदात अडकला आहे अशी खूण असते. छेद आपोआप मिटण्याच्या भरवशावर न सोडता त्याला टाका घालणे अशा वेळी शहाणपणाचे ठरते.

गाभ्याचा तुकडा छिद्रातून मागे जेलीत पडला, तर त्याच्यामागे यंत्र घेऊन जाणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. तो तुकडा पडद्यावर निवांत पडून राहू शकतो. त्याला पकडण्यासाठी आंधळेपणाने मागे गेलेले यंत्र मात्र पडदा फाडू शकते. सर्जनने पुढचा भाग स्वच्छ करावा, छेद बंद करावा आणि रुग्णाला रेटिनाच्या सर्जनकडे पाठवावे. मऊ गराचे थोडे कण उरले तर ते बहुधा विरघळून जातात. कडक गाभ्याचा तुकडा मात्र आत सूज आणतो आणि डोळ्याचा दाब वाढवतो, म्हणून तो मागच्या बाजूने, जेली कापून, काही दिवसांत ते दोन आठवड्यांत काढतात. एवढे वेळेवर झाले तर अशा पुष्कळ रुग्णांना चांगली नजर परत मिळते.

भिंग कुठे बसवले?

पिशवीची मागची बाजू गेली तरी पुढच्या बाजूची कड शाबूत असेल, तर भिंग त्या कडेवर, आयरिस म्हणजे बाहुलीभोवतीची रंगीत चकती आणि पिशवी यांच्या मधल्या खाचेत टेकवतात. त्यासाठी बारीक पाय असलेले तीन भागांचे भिंग लागते. नेहमीचे एकसंध, जाड पायांचे मऊ भिंग तेथे ठेवू नये, कारण त्याच्या कडा आयरिसच्या मागच्या बाजूला घासत राहतात, रंगकण सुटतात, आत सूज राहते, दाब वाढतो आणि अधूनमधून रक्तस्रावही होतो. खाचेतले भिंग थोडे पुढे असल्याने त्याचा नंबर साधारण अर्ध्या ते एक डायॉप्टरने (भिंगाच्या ताकदीचे एकक) कमी घ्यावा लागतो. हे विसरले तर शस्त्रक्रिया निभावूनही रुग्णाला दूरचे दिसण्यासाठी अनपेक्षित उणे नंबर लागतो.

कडेचाही आधार उरला नसेल, तर भिंग आयरिसला चिमट्यासारखे अडकवणे, डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत त्याचे पाय रुतवणे किंवा आयरिसच्या पुढे ठेवणे हे पर्याय असतात. यातला कुठला चांगला हे डोळ्यावर आणि करणाऱ्या हातावर अवलंबून आहे. कधी कधी त्या दिवशी भिंग न बसवता थांबणेच बरे असते. मधल्या काळात रुग्णाला साधारण अधिक 10 नंबराचा चष्मा लागतो, पण दुसऱ्या डोळ्याची नजर चांगली असेल तर तो वापरता येत नाही, कारण जाड काचेतून प्रतिमा सुमारे पाव पटीने मोठी दिसते आणि मेंदू दोन वेगळ्या आकारांच्या प्रतिमा एकत्र जुळवू शकत नाही. "भिंग बसवले नाही" हे वाक्य म्हणून अपयशाची कबुली समजू नये. सुजलेल्या, दमलेल्या डोळ्यात घाईने चुकीचे भिंग कोंबण्यापेक्षा काही आठवड्यांनी योग्य भिंग बसवलेले बरे.

नजरेवर पुढे काय होते?

पहिल्या आठवड्यातला धूसरपणा बहुधा कॉर्नियाच्या सुजेचा असतो. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, प्रौढ वयात एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे 2,500 पेशींचा, आणि तो थर कॉर्नियातले पाणी सतत बाहेर उपसून त्याला पारदर्शक ठेवतो. माणसाच्या डोळ्यात या पेशी नव्याने वाढत नाहीत. लांबलेल्या शस्त्रक्रियेत त्यातल्या काही जातात. उरलेल्या पुरेशा असतील तर सूज काही दिवसांत किंवा आठवड्यांत उतरते. मूळचीच संख्या कमी असेल तर कॉर्निया कायम सुजलेला राहतो आणि आतला थर दात्याच्या डोळ्यातून घेऊन बदलावा लागतो.

दुसरा परिणाम फसवा असतो. रुग्णाला आधी स्वच्छ दिसते, आणि चार ते सहा आठवड्यांनी वाचताना अक्षरे पुन्हा पुसट होऊ लागतात, सरळ रेघा वाकड्या वाटतात. पडद्याच्या मध्यबिंदूवर पाणी साचल्याचे हे लक्षण असते. ही सूज सुरळीत झालेल्या शस्त्रक्रियेनंतरही येते, पण पिशवी फाटलेल्या डोळ्यात तिचे प्रमाण जास्त असते, आणि मधुमेहाने पडद्यावर परिणाम झालेला असेल तर आणखी जास्त. ओसीटी, म्हणजे प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणाऱ्या, तपासणीत ती लगेच दिसते. स्टिरॉइड आणि सूज कमी करणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या थेंबांनी ती बहुतेकांची उतरते, मात्र त्याला काही महिने लागू शकतात. सुरुवातीला छान दिसले म्हणून थेंब बंद करणारे रुग्ण यात हमखास सापडतात.

तिसरा परिणाम पडद्याचा आहे. जेलीला ओढ बसलेल्या डोळ्यात पडदा फाटण्याचा आणि सुटण्याचा धोका सुरळीत शस्त्रक्रियेच्या तुलनेत अनेक पटींनी वाढतो. काजवे चमकल्यासारखे दिसणे, काळ्या ठिपक्यांचा अचानक वर्षाव होणे किंवा नजरेच्या एका बाजूने सावली सरकत येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी तपासणी व्हायला हवी. पडद्याला नुसती भेग असेल तर लेसरने ती भोवतीने सांधता येते. पडदा सुटून मध्यबिंदूपर्यंत आला की शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही पूर्वीची नजर सहसा पूर्ण परतत नाही.

पिशवीपलीकडचे धोके

काही अडचणींची सुरुवात पिशवीच्या बाहेर होते. प्रोस्टेटच्या त्रासासाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्या पुरुषांमध्ये आयरिस सैल पडते, पाण्याच्या प्रवाहात ओल्या फडक्यासारखी हलते, छेदातून बाहेर येऊ पाहते आणि बाहुली मध्येच लहान होत जाते. हा संबंध 2005 मध्ये प्रथम स्पष्टपणे मांडला गेला. गोळी आधी काही दिवस बंद करून भरवशाचा फायदा होत नाही, कारण स्नायूवरचा परिणाम टिकून राहतो. म्हणून ती बंद करण्यापेक्षा सर्जनला सांगणे महत्त्वाचे. त्याला ठाऊक असेल तर तो बाहुली ताणून धरणारे औषध, आकडे (हुक) किंवा कडे तयार ठेवतो. ठाऊक नसेल तर अर्ध्या वाटेवर कळते.

तंतू सैल असतील तर पिशवीच्या आत एक लवचीक कडे बसवून तिला गोल ताणून धरता येते. कॉर्नियाच्या आतला पातळ पापुद्रा छेदापाशी सुटला तर हवेचा किंवा वायूचा बुडबुडा भरून तो पुन्हा चिकटवतात.

सर्वांत भीतीदायक अडचण म्हणजे डोळ्याच्या भिंतीच्या थरांमध्ये अचानक होणारा रक्तस्राव. तो अतिशय दुर्मीळ आहे, उघड्या डोळ्याचा दाब एकदम उतरल्याने होतो, आणि त्यावरचा तातडीचा उपाय एकच: जे काही चालले असेल ते सोडून छेद त्या क्षणी बंद करणे. लहान, आपोआप मिटणाऱ्या छेदांमुळे आज हा प्रकार पूर्वीइतका विध्वंसक राहिलेला नाही.

जंतुसंसर्ग मोजक्याच रुग्णांना होतो, साधारण हजारांत एक किंवा त्याहूनही कमी, पण पिशवी फाटलेल्या डोळ्यात त्याची शक्यता वाढते, कारण जंतूंना मागच्या जेलीपर्यंत जायला वाट मोकळी झालेली असते. शस्त्रक्रियेआधी डोळ्यात पोव्हिडोन आयोडीन घालणे आणि शेवटी आत प्रतिजैविक सोडणे हे यावरचे दोन सिद्ध उपाय आहेत. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या युरोपीय अभ्यासात सेफ्युरॉक्झिम आत सोडल्याने संसर्गाचा धोका जवळजवळ पाचपट कमी झाल्याचे दिसले होते. पहिल्या आठवड्यात दुखणे वाढत असेल, लाली वाढत असेल आणि नजर उतरत असेल, तर ठरलेल्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. जेलीत प्रतिजैविकाचे इंजेक्शन काही तासांच्या आत देता आले तर नजर वाचण्याची शक्यता खूप वाढते.

अडचण आलेल्या प्रत्येक रुग्णाने एक कागद मागून घ्यावा: पिशवी कुठे फाटली, जेली कापली का, भिंग कोणते आणि कुठे बसवले, टाका घातला का. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी, विशेषतः सर्जन वेगळा असेल तेव्हा, या चार ओळी फार उपयोगी पडतात. सैल तंतू, मागच्या पिशवीला चिकटलेला मोतीबिंदू आणि सैल आयरिस हे तिन्ही प्रकार बहुधा दोन्ही डोळ्यांत असतात. पहिल्या डोळ्याची हकिकत आधी वाचलेला सर्जन दुसऱ्या डोळ्याला सुरुवात करतो तेव्हा कडे, आकडे, जेली कापण्याचे यंत्र आणि तीन भागांचे भिंग त्याच्या शेजारच्या ट्रेमध्ये पहिल्यापासून मांडलेले असते.